जुन्या घराचे नवे वायरिंग

पुण्याच्या जुन्या पेठांतून काही वाडे अजून उभे आहेत. दिंडीदरवाजा, मधला चौक, चौकाभोवतालची बिऱ्हाडे आणि वर जाणारा अरुंद लाकडी जिना अशी त्यांची रचना असते. अशाच एखाद्या वाड्यातील एक स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणावे. ओट्याच्या एका टोकाला फ्रीज उभा आहे आणि त्याच्या दारापुढे जमिनीवर एक लाकडी पाट ठेवलेला आहे. त्या पाटावर कोणी जेवायला बसत नाही. फ्रीजला ओला हात लागला, की बोटांना झिणझिण्या येतात. म्हणून घरातील आजीने तो पाट तेथे आणून ठेवला आहे. पाटावर उभे राहून दार उघडले, तर झिणझिण्या येत नाहीत. घरातील सर्वांना या गोष्टीची इतकी सवय झाली आहे, की घरी आलेल्या पाहुण्यालाही "आधी पाटावर उभे राहा, मग दार उघडा," असे सहजपणे सांगण्यात येते.

फ्रीज गार होतो, दिवा लागतो, मिक्सर फिरतो. मग वायरिंगमध्ये दोष तो कसला, असे त्या घरातील माणसांना वाटते. पुष्कळ घरांतून हीच समजूत आढळते. परंतु वीज येते एवढ्यावरून वायरिंग निर्दोष ठरत नाही. दूध नासले, तर ते वासावरून कळते. छप्पर गळू लागले, तर पाणी डोळ्यांना दिसते. विजेच्या तारांचे तसे नाही. त्या आतून जीर्ण झाल्या, तरी दिवा पूर्वीसारखाच लागत राहतो आणि दोष असल्याचे कळते ते बहुधा अपघात झाल्यावरच. म्हणून जुन्या स्वयंपाकघरातील वायरिंगमध्ये कोणते दोष शिरतात आणि ते दूर कसे करतात, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

महाराष्ट्रात वीज घरोघरी आली, ती प्रथम प्रकाशासाठी. मुंबई शहराला वीज पुरविणारी बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी १९०५ साली स्थापन झाली. लोणावळ्याच्या डोंगरातील पाणी खाली आणून खोपोली येथे टाटांनी उभारलेले जलविद्युत्केंद्र १९१५ साली सुरू झाले. पुढे १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना झाली आणि त्यानंतर राज्यातील खेडोपाडी वीज पोहोचू लागली. त्या काळी स्वयंपाकघरात विजेला फारसे काम नव्हते. अन्न शिजे ते चुलीवर, कोळशाच्या शेगडीवर किंवा रॉकेलच्या स्टोव्हवर. वाटण पाट्यावर होई, ताक रवीने घुसळले जाई आणि पाणी माठात गार होई. छतापासून लोंबणारा एक दिवा स्वयंपाकघराला पुरेसा होता. भिंतीवर एखादे सॉकेट असले, तर ती सोय थोडी अधिकच समजली जाई.

त्या काळचे वायरिंग त्या गरजेला शोभेल असेच होते. भिंतीवर सागवानी लाकडाच्या अरुंद पट्ट्या ठोकीत. त्यांवर रबराचे आवरण असलेल्या तारा ठेवून पत्र्याच्या लहान चिपांनी त्या घट्ट बसवीत. काही घरांत दोन खाचांच्या लाकडी पट्टीत तारा घालून वरून लाकडाचेच झाकण लावीत. गोल, काळी-तपकिरी बटने आणि चिनी मातीचे फ्यूज लाकडी फळीवर बसविलेले असत. हे काम करणारे कारागीर कुशल होते आणि त्यांनी वापरलेला मालही बहुधा चांगला होता. त्यांच्या कामाला नावे ठेवण्याचे कारण नाही. त्यांनी वायरिंग केले ते एका दिव्याच्या स्वयंपाकघरासाठी. पुढे स्वयंपाकघर बदलले. तारा मात्र त्याच राहिल्या. सर्व अडचणींचे मूळ येथे आहे.

ही गोष्ट थोड्या हिशेबाने चांगली समजते. घरात येणारी वीज साधारणपणे २३० व्होल्ट दाबाची असते. एखाद्या उपकरणाची शक्ती वॅटमध्ये दिलेली असते. त्या वॅटच्या आकड्याला २३० ने भागले असता, ते उपकरण किती अँपिअर प्रवाह घेते हे स्थूलमानाने कळते. साठ वॅटचा जुना दिवा घेतला, तर त्याला पाव अँपिअरहून थोडाच अधिक प्रवाह लागतो. असे दहा दिवे एकदम लावले, तरी प्रवाह तीन अँपिअरच्या आतच राहतो. म्हणून जुन्या घरातील दिव्यांच्या तारा पाच अँपिअरच्या हिशेबाने घातल्या जात. त्यांतील एक नेहमीची तार 'तीन-बावीस' या नावाने ओळखली जाई. बावीस क्रमांकाच्या तीन बारीक तारा पिळून ती बनविलेली असे आणि तिच्यातील तांब्याची जाडी सव्वा चौरस मिलिमीटरहूनही किंचित कमी भरे.

आता आजच्या स्वयंपाकघरातील उपकरणे मोजावी. विजेची शेगडी २००० वॅट, पाणी उकळण्याची किटली १५०० वॅट, मायक्रोवेव्ह भट्टी १२०० वॅट, मिक्सर ७५० वॅट आणि फ्रीज २०० वॅट असे धरले, तर एकूण बेरीज ५६५० वॅट होते. तिला २३० ने भागले असता सुमारे साडेचोवीस अँपिअर येतात. सगळी उपकरणे एकाच वेळी चालत नाहीत हे खरे. पण सकाळच्या घाईत एकीकडे शेगडीवर भाजी आणि दुसरीकडे किटलीत चहाचे पाणी ही नेहमीची गोष्ट आहे. तेवढ्या दोन उपकरणांनीच पंधरा अँपिअरचा आकडा ओलांडला जातो. भिंतीवर सॉकेट एकच असल्यामुळे त्याला एक्स्टेन्शन बोर्ड लावून दोन्ही उपकरणे चालविली जातात. बोर्डावर छिद्रे वाढली, म्हणून भिंतीतील तार जाड होत नाही.

तारेतून प्रवाह वाहू लागला, की ती तापते. तारेचा विजेला जो विरोध असतो, त्यामुळे ही उष्णता निर्माण होते. येथे एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. प्रवाह दुप्पट झाला, तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. प्रवाह तिप्पट झाला, तर ती नऊपट होते. म्हणजे पाच अँपिअरसाठी घातलेल्या तारेतून पंधरा अँपिअर प्रवाह नेला, तर तिच्यात ठरल्यापेक्षा नऊपट उष्णता निर्माण होईल. ही तार लाकडी पट्टीवर बसविलेली आहे किंवा लाकडाच्या झाकणाखाली आहे, हे आठवले म्हणजे धोक्याची कल्पना येते.

उष्णतेचा पहिला मार बसतो तो तारेच्या आवरणावर. जुन्या तारांचे आवरण रबराचे असे. रबर काही वर्षे मऊ राहते. पुढे उष्णतेने व हवेने ते कडक होते, त्याला भेगा पडतात आणि तार जराशी वाकविली तरी त्याचा भुगा होऊन गळतो. घरातील इतर खोल्यांपेक्षा स्वयंपाकघरात ही झीज लवकर होते. तेथे फोडणीचा धूर असतो, उकळत्या पाण्याची वाफ असते, तेलाचे सूक्ष्म थेंब भिंतीवर बसतात आणि त्यांवर धूळ चिकटते. तारेचे तांबे शाबूत राहते. आवरण मात्र नाहीसे होते. काही घरांत दुसरीही एक अडचण आढळते. तांब्याची टंचाई असताना, विशेषतः १९६० नंतरच्या काळात, अनेक ठिकाणी अ‍ॅल्युमिनियमच्या तारा वापरण्यात आल्या. सारख्याच जाडीची अ‍ॅल्युमिनियमची तार तांब्याच्या तारेपेक्षा विजेला सुमारे दीडपटीहून अधिक विरोध करते. शिवाय स्क्रूखाली दाबलेली ही मऊ तार कालांतराने सैल होते. सैल झालेला सांधा तापतो, तापल्याने अधिक सैल होतो आणि शेवटी तेथे ठिणग्या पडू लागतात. बटनाजवळ काळा डाग दिसणे, प्लग काढताना तो गरम लागणे किंवा जळक्या रबराचा वास येणे ही याचीच चिन्हे होत.

असे होऊ नये, म्हणून फ्यूज असतो. चिनी मातीच्या दोन तुकड्यांमध्ये कल्हई केलेल्या तांब्याची एक अगदी बारीक तार बसविलेली असते. मंडलात, म्हणजे वीज ज्या वाटेने येते व परत जाते त्या संपूर्ण वाटेत, हा फ्यूज मुद्दाम दुबळा ठेवलेला भाग होय. प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला, की भिंतीतील तार तापून जळण्यापूर्वी ही बारीक तार वितळते आणि प्रवाह थांबतो. फ्यूज उडणे ही कटकट नसून ती सूचना आहे. परंतु पुष्कळ घरांत ती सूचना कोणी ऐकत नाही. फ्यूज वारंवार उडू लागला, म्हणजे कोणीतरी त्यात जाड तार बसवितो आणि मग तो उडत नाही म्हणून समाधान मानतो. पहारेकरी रात्री आरडाओरडा करतो, म्हणून त्याचे तोंड बांधून ठेवावे, त्यातलाच हा प्रकार आहे. त्यानंतर वितळण्याजोगा दुबळा भाग उरतो तो भिंतीतच.

जुन्या फळ्यांवर आणखी एक घातक गोष्ट आढळते. घरात वीज घेऊन येणाऱ्या तारेला फेज आणि परत नेणाऱ्या तारेला न्यूट्रल म्हणतात. पूर्वी काही ठिकाणी या दोन्ही तारांवर स्वतंत्र फ्यूज बसवीत. न्यूट्रलवरील फ्यूज उडाला, तर दिवा विझतो, उपकरण बंद पडते आणि वीज गेली असे वाटते. प्रत्यक्षात फेजची तार त्या उपकरणापर्यंत जिवंतच असते. बंद पडलेले उपकरण उघडून पाहणाऱ्या माणसाचा घात होतो तो येथे. म्हणूनच जमिनीशी जोडलेल्या न्यूट्रल तारेत स्वतंत्र फ्यूज किंवा बटन असू नये, असा निर्बंध १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत घालण्यात आला होता. बटन नेहमी फेजच्या तारेवर असावे लागते.

आता फ्रीजपुढील त्या पाटाकडे वळावे. फ्रीजच्या आतील तारेचे आवरण कोठेतरी झिजले किंवा ओल शिरली, म्हणजे थोडीशी वीज त्याच्या पत्र्याच्या अंगावर येते. वीज नेहमी जमिनीकडे जाण्याची वाट शोधते. ओल्या हाताने पत्रा धरणारा, अनवाणी उभा असलेला माणूस ही तिला मिळालेली वाट असते. कोरडे लाकूड विजेला सहसा जाऊ देत नाही, म्हणून पाटावर उभे राहिल्यास झिणझिण्या येत नाहीत. आजीची युक्ती एवढ्यापुरती खरी आहे. पण पाट ओला झाला, तर? फ्रीजला एक हात लावून दुसऱ्या हाताने कोणी लोखंडी नळ धरला, तर? केर काढताना पाट बाजूला सरकविला गेला आणि नुकतेच हात धुऊन आलेले एखादे लहान मूल पाणी पिण्यासाठी फ्रीजकडे धावले, तर? पाटाने वीज अडविलेली नाही. तिची एक वाट तेवढी अडविली आहे.

शरीरातून किती वीज गेली असता काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. अँपिअरचा हजारावा भाग म्हणजे मिलिअँपिअर. एक मिलिअँपिअर प्रवाहाने झिणझिण्या येतात. दहा मिलिअँपिअरच्या सुमारास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. तीस मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह काही क्षण टिकला, तर श्वास आणि हृदय यांनाच धोका उत्पन्न होतो. याउलट पाच अँपिअरचा फ्यूज म्हणजे पाच हजार मिलिअँपिअरचा. माणसाचा जीव जाण्याइतकी वीज वाहत असली, तरी त्या फ्यूजला त्याची दादही लागत नाही. फ्यूज घराला आगीपासून वाचवितो. विजेचा धक्का बसलेल्या माणसाला वाचविणे हे त्याचे कामच नव्हे.

माणसाला वाचविण्याचा पहिला उपाय म्हणजे अर्थिंग, अर्थात जमिनीशी जोडणी. उपकरणाच्या धातूच्या अंगाला एक तिसरी तार जोडून ती थेट जमिनीत खोल पुरलेल्या नळीपर्यंत किंवा पत्र्यापर्यंत नेतात. मग अंगावर आलेली वीज माणसाची वाट न पाहता या सोप्या वाटेने जमिनीत जाते. तीन पायांच्या प्लगमधील जाड व लांब पाय याच तारेचा असतो. तो लांब ठेवण्यात हेतू आहे. प्लग आत घालताना तो सर्वांआधी जोडला जातो आणि बाहेर काढताना सर्वांच्या नंतर सुटतो. त्यामुळे फेजचा संबंध असेपर्यंत जमिनीचा संबंध तुटत नाही. तीन पायांचा प्लग दोन छिद्रांच्या सॉकेटात बसावा म्हणून त्याचा हा पाय तोडून टाकणे किती अविचाराचे आहे, हे यावरून ध्यानात येईल.

वाड्यातील त्या स्वयंपाकघरात तीन छिद्रांचे सॉकेट होते आणि त्यात अर्थची तारही होती. मग झिणझिण्या का येत होत्या? शेवटी एक दिवस परवानाधारक वायरमनला बोलाविण्यात आले. त्याने ती तार कोठे जाते, याचा माग काढला. ती भिंतीवरून मोरीपर्यंत गेली होती आणि तेथे पाण्याच्या लोखंडी नळाला गुंडाळली होती. पूर्वी पुष्कळ घरांतून असे करीत; लोखंडी नळ जमिनीखालून जात असल्यामुळे त्यायोगे जमिनीशी थोडाफार संबंध राही. परंतु त्या वाड्यातील गंजलेले नळ काढून मध्यंतरी प्लॅस्टिकचे नळ घालण्यात आले होते. जुन्या नळाचा हातभर तुकडा तेवढा भिंतीत उरला होता. अर्थची तार जागेवर होती; तिच्या शेवटी जमीनच नव्हती. नळाचे काम करणाऱ्याला विजेची माहिती नव्हती, आणि दिवे पूर्ववत लागत असल्यामुळे घरातील माणसांनाही काही कळले नाही.

वायरमनने मग सर्व वायरिंगची तपासणी केली. तारांच्या आवरणाची परीक्षा मेगर नावाच्या यंत्राने करतात. या यंत्रातून ५०० व्होल्टचा दाब देऊन आवरण विजेला किती विरोध करते, हे मोजले जाते. हा विरोध निदान एक मेगओहम, म्हणजे दहा लक्ष ओहम तरी असावा लागतो. वाड्यातील तारा या परीक्षेत उतरल्या नाहीत. तेव्हा केवळ सॉकेट बदलून भागणार नव्हते. काळी बटने जाऊन पांढरी चकचकीत बटने आली, म्हणजे वायरिंग नवे झाले असे अनेकांना वाटते. पण आतील तारा तशाच राहिल्या, तर तो केवळ वरवरचा रंग ठरतो.

वायरिंग नवे करताना चार गोष्टी साधाव्या लागतात. पहिली गोष्ट म्हणजे भाराची विभागणी. दिवे-पंखे आणि जड उपकरणे यांची मंडले वेगळी करतात. भारतीय मानकांच्या जुन्या प्रघाताप्रमाणे दिवे-पंख्यांच्या एका मंडलावर दहापेक्षा अधिक जागा आणि ८०० वॅटपेक्षा अधिक भार ठेवीत नाहीत. जड उपकरणांच्या एका मंडलावर दोनपेक्षा अधिक सॉकेटे आणि सामान्यतः ३००० वॅटपेक्षा अधिक भार ठेवीत नाहीत. यावरून शेगडी, किटली आणि भट्टी यांना एकाच तारेवर बसविणे योग्य नाही, हे उघड होते. फ्रीज दिवसरात्र चालू असल्यामुळे त्यालाही स्वतंत्र सॉकेट देतात, म्हणजे एक्स्टेन्शन बोर्डाचे कारण उरत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पुरेशा जाडीची तांब्याची तार. दिव्यांसाठी सामान्यतः दीड चौरस मिलिमीटरची, तर सोळा अँपिअरच्या सॉकेटासाठी अडीच चौरस मिलिमीटरची किंवा भाराप्रमाणे त्याहून जाड तार घालतात. तिचे आवरण रबराचे नसून पीव्हीसीचे असते. आपल्याकडे फेजसाठी लाल, न्यूट्रलसाठी काळा आणि अर्थसाठी हिरवा रंग वापरण्याची पद्धत रूढ आहे. त्यामुळे पुढे काम करणाऱ्या माणसाची फसगत होत नाही. वाड्याच्या लाकडी सांगाड्याच्या भिंती फोडणे धोक्याचे असल्यामुळे तेथे तारा भिंतीवरून बसविलेल्या पीव्हीसीच्या चौकोनी पट्टीतून नेल्या गेल्या. सॉकेटे ओट्याच्या वर, पण नळापासून आणि गॅसच्या शेगडीपासून दूर ठेवण्यात आली.

तिसरी गोष्ट म्हणजे खरे अर्थिंग. वाड्याच्या अंगणात खड्डा खणून जस्ताचा मुलामा दिलेली अडीच मीटर लांबीची लोखंडी नळी उभी पुरण्यात आली. तिच्याभोवती कोळसा आणि मीठ यांचे थर भरले. कोळसा ओलावा धरून ठेवतो, मिठामुळे माती वीज अधिक सहज वाहून नेते. उन्हाळ्यात माती कोरडी पडू नये, म्हणून अशा खड्ड्यात अधूनमधून पाणी घालतात. तेथून निघालेली हिरवी तार घरातील प्रत्येक सॉकेटापर्यंत नेण्यात आली.

चौथी गोष्ट म्हणजे पहारेकरी. चिनी मातीच्या फ्यूजऐवजी आता एमसीबी नावाची स्वयंचलित बटने बसवितात. त्यांत दोन भिन्न धातूंची एक पट्टी असते. प्रवाह बराच वेळ अधिक राहिला, तर ती तापून वाकते आणि मंडल तोडते. दोन तारा एकमेकींना चिकटून प्रवाह एकाएकी वाढला, तर आतील विद्युत्चुंबक तत्क्षणी तेच काम करतो. एमसीबीमध्ये जाड तार घालण्याची सोयच नाही. मात्र बारीक तारेवर मोठ्या आकड्याची एमसीबी बसविली, तर जुनीच चूक नव्या रूपाने होते.

याच्याही पुढचा पहारेकरी म्हणजे आरसीसीबी. त्याची रचना फार सुंदर आहे. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एका लोखंडी कड्यातून नेलेल्या असतात. फेजमधून जेवढी वीज गेली, तेवढीच न्यूट्रलमधून परत आली, तर दोघींचा परिणाम एकमेकांना पुसून टाकतो आणि कडे स्वस्थ राहते. परंतु थोडी वीज वाटेत गळून माणसाच्या शरीरातून जमिनीत गेली, तर परत येणारी वीज तेवढ्याने कमी पडते. हा जमाखर्चाचा फरक कड्याला कळतो. फरक तीस मिलिअँपिअर होताच ते एका सेकंदाच्या तीन दशांशाहूनही कमी वेळात वीज तोडते. अर्थिंग चांगले असेल, तर माणसाचा हात लागण्यापूर्वीच, दोष निर्माण होताच, हे घडते. या साधनालाही मर्यादा आहे. कोरड्या लाकडावर उभ्या असलेल्या माणसाने फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकदम धरल्या, तर आरसीसीबी काही करू शकत नाही. कारण वीज जमिनीत न जाता परत येतच असते. म्हणून साधने कितीही चांगली असली, तरी सावधगिरीला पर्याय नाही.

हे सर्व नियम कोणा एकाच्या लहरीने ठरलेले नाहीत. वस्तूंची व कामांची मानके ठरविण्यासाठी १९४७ साली भारतीय मानक संस्था स्थापन झाली. १९८७ पासून तिचे कार्य भारतीय मानक ब्यूरोकडे आले. घरातील वायरिंगसंबंधीचे आयएस ७३२ हे मानक १९६३, १९८९ आणि २०१९ या वर्षी नव्या रूपात प्रसिद्ध झाले. अर्थिंगसाठी आयएस ३०४३ हे वेगळे मानक आहे. १९८५ सालची राष्ट्रीय विद्युत संहिता २०११ आणि २०२३ या वर्षी सुधारण्यात आली. १९५६ च्या नियमांची जागा पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या आणि नंतर २०२३ च्या सुरक्षाविषयक विनियमांनी घेतली. अनुभव वाढतो, उपकरणे बदलतात, अपघातांची कारणे कळतात, तसतशी मानकेही बदलत जातात. भिंतीतील तारा मात्र आपण होऊन बदलत नाहीत. म्हणून जुन्या घराची तपासणी ठरावीक काळाने करून घेणे आवश्यक असते. नवे वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे लागते आणि घराचा एकूण भार वाढत असल्यास वीज पुरविणाऱ्या कंपनीकडून तो मंजूर करून घ्यावा लागतो.

या कामात मुलांनी हात घालू नये. बटन उघडणे, फ्यूज काढणे, तार जोडणे ही त्यांची कामे नव्हेत. परंतु मुलांचे डोळे आणि नाक तीक्ष्ण असतात. बटनाभोवतीचा काळा डाग, गरम झालेला प्लग, जळका वास, ठिणगीचा बारीक आवाज, उपकरणाला हात लावताच येणाऱ्या झिणझिण्या, यांपैकी काहीही आढळल्यास ते लगेच मोठ्या माणसांना सांगणे हे मुलांचे काम आहे. "आमच्याकडे नेहमीच असे होते," या उत्तराने त्यांनी समाधान मानू नये. आरसीसीबीवर एक लहान बटन असते. ते दाबले असता वीज जायला हवी. ही परीक्षा घरातील मोठ्या माणसांनी नियमितपणे घेतात किंवा नाही, याची आठवणही मुले देऊ शकतात. कोणाला विजेचा धक्का बसलेला दिसल्यास त्याला हात न लावता प्रथम मुख्य बटन बंद करावे लागते. म्हणून ते कोठे आहे, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे.

वाड्यातील ते काम काही दिवसांत पूर्ण झाले. फ्रीजचा प्लग नव्या सॉकेटात घालताच आरसीसीबी खट्कन खाली पडली. फ्रीजमधून वीज गळते आहे, ही गोष्ट वर्षानुवर्षे आजीच्या बोटांना कळत होती. आता ती यंत्राला कळली. फ्रीजमधील झिजलेली तार दुरुस्त केल्यावर वीज पुन्हा गेली नाही. त्यानंतर आजीने तो पाट उचलला, स्वच्छ पुसला आणि जेवणाच्या वेळी नातवाला बसायला दिला.